गोष्ट खरी की खऱ्यासारखी?

'वास्तव', 'वास्तविक', 'वास्तववादी', 'वास्तवदर्शी' आणि 'सत्य' या विशेषणांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच शंकेभोवती फिरत होती. प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीला, किंवा घडली नसली तरी घडल्यासारखी वाटणाऱ्या गोष्टीला, मराठीत नेमके कोणते विशेषण लावावे? त्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाला जागा अधिक दिली आहे, कारण पुढच्या उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न: आमच्या शाळेच्या वार्षिक अंकासाठी नववीतल्या एका विद्यार्थिनीने २२ जुलै २०२१ रोजी आमच्या गावात आलेल्या महापुरावर लिहिले आहे. वाशिष्ठीचे पाणी घरात शिरल्यापासून ते ओसरेपर्यंत घरातली पाच माणसे माळ्यावर कशी बसून राहिली, हे तिने सांगितले आहे. प्रसंग तिच्याच घरी घडलेला आहे. मात्र शेजारच्या आजोबांचे संवाद तिने मनाने रचले आहेत आणि शेवटी हरवलेली मांजर परत येते, तसे प्रत्यक्षात झाले नव्हते. संपादक मंडळात या लेखनाला कोणी 'वास्तववादी कथा' म्हणते, कोणी 'वास्तविक कथा', तर कोणी 'सत्यकथा'. यातले बरोबर कोणते? (एक शिक्षिका, चिपळूण)

उत्तर: तिन्ही शब्द मराठीत आहेत आणि शब्द म्हणून तिन्ही शुद्ध आहेत; पण ते वाचकाला तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. 'वास्तववादी' हे विशेषण लिहिण्याच्या रीतीविषयी बोलते. 'सत्य' हे घटनेविषयी बोलते, म्हणजे जे लिहिले आहे ते घडले आहे, अशी हमी देते. 'वास्तविक' या जागी टाळावा, त्याचे कारण पुढच्या उत्तरात देते.

'वास्तववाद' ही मुळात युरोपातल्या एकोणिसाव्या शतकाची संकल्पना. फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह कूर्बे याने १८५५ साली पॅरिसमध्ये स्वतःच्या चित्रांचे वेगळे दालन उभारले आणि त्याला या वादाचेच नाव दिले. देवदेवता, राजे आणि पुराणातले प्रसंग सोडून खडी फोडणारे मजूर, खेड्यातली अंत्ययात्रा असे विषय तो रंगवत होता. कादंबरीतही तेच चालले होते. म्हणजे 'वास्तववादी' या शब्दात सुरुवातीपासून एक निवड आहे, एक बाजू घेणे आहे: सामान्य माणसाचे रोजचे जगणे जसे दिसते तसे, त्याला न सजवता दाखवायचे. चित्रातला मजूर कोण होता, त्याचे नाव काय होते, तो खरोखर त्या दिवशी त्या जागी बसला होता का, हा प्रश्न या विशेषणाच्या कक्षेतच येत नाही.

मराठीत हा शब्द रुळण्याच्या आधी ती रीत आली होती, आणि तिला आपल्या लेखकांनी दिलेली नावे मला आजही फार आवडतात. बाबा पदमनजी यांनी १८५७ साली लिहिलेल्या 'यमुनापर्यटन' या कादंबरीचे पुढचे नाव 'हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण' असे आहे. 'स्थितीचे निरूपण' म्हणजे जे आहे ते मांडून दाखवणे. त्यानंतर काही वर्षे मराठी कादंबरी राजपुत्र, राक्षस, हरवलेल्या राजकन्या आणि चमत्कारिक योगायोग यांतच रमली, ज्यांना आपण 'अद्भुतरम्य' म्हणतो. हरिभाऊ आपट्यांनी त्या वाटेवरून कादंबरीला परत घरात, माजघरात आणले. आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना त्यांनी 'आजकालच्या गोष्टी' असे एकत्रित नाव दिले होते. 'आजकालच्या' या एका साध्या विशेषणात वास्तववादाचा जवळजवळ सगळा आशय आला आहे. ही गोष्ट फार पूर्वीची नाही, दूर देशीची नाही, तुमच्या शेजारच्या वाड्यात या घटकेला चालू आहे, असे ते विशेषण सांगते, आणि तेही बोलीतल्या शब्दात.

हरिभाऊंची यमू हे तर आपल्या प्रश्नाचे उत्तम उदाहरण आहे. 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी यमू स्वतःच्या तोंडाने सांगते. लग्न, सासर, पुण्या-मुंबईचे दिवस, वैधव्य आणि शेवटी बळजबरीने झालेले केशवपन, हे सगळे ती 'मी' म्हणून सांगते, आणि ते इतके जवळून येते की वाचणारा हातातले पुस्तक विसरतो. तरीही यमू नावाची ही बाई कधी नव्हती. तिच्यासारख्या असंख्य होत्या, पण ही नव्हती. म्हणून ती कादंबरी पूर्णपणे वास्तववादी आहे आणि तरीही सत्यकथा नाही. याच्या उलटही होऊ शकते. एखादा प्रसंग शंभर टक्के घडलेला असतो, पण सांगणारा त्याला असा काही सजवतो, नायकाला इतका थोर आणि खलनायकाला इतका काळा करतो, की ती सत्यकथा असूनही वास्तववादी राहत नाही. ही दोन विशेषणे एकमेकांची पर्यायी नाहीत, हे या दोन टोकांवरून स्पष्ट व्हावे.

'वास्तववादी' या शब्दात आणखी एक गुंतागुंत आहे. 'वादी' म्हणजे एखादे मत मानणारा: समाजवादी, आशावादी, अद्वैतवादी. काटेकोरपणे पाहिले तर मत माणसाला असते, कथेला नसते. पण मराठीने लेखकाचे विशेषण कथेलाही लावून टाकले आणि ते आता पक्के झाले आहे, त्याविषयी तक्रार नको. मात्र याच शब्दाने अलीकडे तिसरा अर्थ घेतला आहे. 'जरा वास्तववादी व्हा' किंवा 'वास्तववादी अंदाजपत्रक' असे आपण म्हणतो तेव्हा मनात व्यवहार्य, स्वप्नात न रमणारा असा अर्थ असतो. त्यामुळे 'वास्तववादी कथा' म्हणताना संदर्भ साहित्याचा आहे, हे वाक्यातून कळले पाहिजे.

याच कारणाने अनेक लेखक-समीक्षक 'वास्तवदर्शी' हा शब्द पसंत करतात, आणि मीही त्यांच्या बाजूची आहे. त्यात वादाचा अभिनिवेश नाही. संस्कृतात 'दर्शी' याचा मुख्य अर्थ पाहणारा असा आहे, जसे दूरदर्शी, समदर्शी. 'दाखवणारा' या अर्थानेही तो येतो. दोन्ही अर्थ येथे बसतात. जी कथा वास्तवाकडे नीट पाहते आणि ते दाखवते, ती वास्तवदर्शी. एखाद्या साहित्यिक पंथाशी लेखकाचे नाव न जोडता त्याच्या लेखनाचा हा गुण सांगायचा असेल, तर हा शब्द अचूक आहे.

आता 'सत्यकथा'. हा जोडशब्द आपल्याकडे दोन फार वेगळ्या वाटांनी चालत आला. १९३३ साली सुरू झालेल्या आणि १९८२ साली बंद पडलेल्या 'सत्यकथा' या मासिकाचे नाव घेतले की जाणत्या वाचकाला मराठी नवकथा आठवते, म्हणजे उत्तम दर्जाचे कल्पित साहित्य. दुसरीकडे, रेल्वे स्थानकावरच्या पुस्तकांच्या गाड्यावर 'सत्यकथा' हा शब्द खून, दरोडे आणि पोलीस तपास यांच्या खऱ्या म्हणून छापलेल्या हकीकतींवर दिसत असे, आणि आजही सर्वसाधारण वाचकाच्या मनात हाच अर्थ आधी येतो. शाळेच्या अंकात नववीतल्या मुलीच्या लेखनावर हा शब्द छापल्यास काही पालक दचकतील, हेही लक्षात घ्यावे.

पण खरा मुद्दा मांजरीचा आहे. मांजर परत आली नव्हती. 'सत्य' हे विशेषण लावले तर ती हमी मांजरीलाही लागू होते, आणि शेजारच्या आजोबांच्या तोंडी घातलेल्या वाक्यांनाही. ते आजोबा गावातच असतील आणि अंक त्यांच्या हातात पडेल. म्हणून दोन मार्ग आहेत. मुलीला मांजर ठेवायची असेल, आणि नववीतल्या मुलीला ती का ठेवावीशी वाटली हे मला फार चांगले समजते, तर लेखनाला 'कथा' म्हणावे आणि खाली एक ओळ द्यावी: 'आमच्या घरी २०२१ च्या पुरात घडलेल्या प्रसंगावरून'. तिला घडले तेच सांगायचे असेल, तर मांजर आणि रचलेले संवाद काढून 'अनुभव' या विभागात ते छापावे. कोणता मार्ग घ्यायचा, हे तिलाच विचारावे. माळ्यावर ती बसली होती, संपादक मंडळ बसले नव्हते.

हे आग्रहाने लिहिते आहे, त्याला माझ्या हातून झालेली एक चूक कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी एका वयस्क बाईंकडून १९७२ च्या दुष्काळाची हकीकत लिहून घेतली होती. दुष्काळी कामावर खडी फोडताना मांडीवरच्या मुलाला त्या कशा सांभाळत, सुकडीचा, म्हणजे दुष्काळी कामावर मिळणाऱ्या कोरड्या खाऊचा, वाटा घरी कसा नेत, दिवसभर हातोडी चालवलेल्या हातांना रात्री तेल लावायलाही कसे काही नसे, हे सगळे त्यांनी थांबत थांबत सांगितले. मी ते नीटनेटके केले, आणि अंकात त्यावर 'कथा' असा शब्द पडला. विभागच तसा होता, म्हणून मी तो पडू दिला. अंक घेऊन भेटायला गेले तेव्हा त्यांच्या नातवाने तो शब्द त्यांना वाचून दाखवला होता. त्या एवढेच म्हणाल्या, "ताई, म्या गोष्ट सांगितली व्हय? ते झालं व्हतं." मला उत्तर देता आले नाही. घडलेल्याला 'कथा' म्हणणे हे रचलेल्याला 'सत्य' म्हणण्याइतकेच चूक असू शकते.

प्रश्न: 'वास्तव' हे नाम आहे की विशेषण? 'वास्तव परिस्थिती' आणि 'वास्तविक परिस्थिती' यांत फरक काय? (निवृत्त लिपिक, सोलापूर)

उत्तर: 'वास्तव' हा शब्द 'वस्तू' पासून झाला आहे. वस्तू म्हणजे जी आहे ती. जे वस्तूशी संबंधित, म्हणजेच जे प्रत्यक्षात आहे, ते वास्तव. संस्कृतात ते विशेषण आहे आणि मराठीतही 'वास्तव चित्र', 'वास्तव परिस्थिती' अशा प्रयोगांत ते विशेषणच आहे. मात्र गेल्या काही दशकांत त्याचा नाम म्हणून वापर इतका वाढला आहे ('वास्तव स्वीकारावे लागते', 'वास्तवापासून पळता येत नाही', 'ग्रामीण वास्तव') की आजच्या वाचकाला ते आधी नामच वाटते. त्याचा लेखनावर परिणाम होतो. 'वास्तव कथा' असे दोन सुटे शब्द लिहिले तर 'वास्तव' हे विशेषण; 'वास्तवकथा' असा एक शब्द लिहिला तर तो समास, म्हणजे वास्तवाची किंवा वास्तवाविषयीची कथा. दोन्ही चालतील, परंतु एकाच लेखात दोन्ही नकोत.

'वास्तविक' हेही विशेषणच आहे आणि अर्थ जवळपास तोच, पण बोलीत त्याने वेगळेच काम पत्करले आहे. 'वास्तविक मला कालच यायचे होते', 'वास्तविक पाहता दोष त्याचा नाही' अशा वाक्यांत ते कशाचेही विशेषण नाही; संपूर्ण वाक्याला कलाटणी देणारे ते अव्यय आहे, 'खरे तर' सारखे. हे काम ते इतके सतत करते की विशेषण म्हणून वापरताना घोटाळा होतो. पुढचे वाक्य पाहावे: 'वास्तविक कथा वेगळीच आहे.' याचा एक अर्थ, जी खरी कथा आहे ती वेगळी आहे. दुसरा अर्थ, खरे तर कथा वेगळी आहे. बोलताना 'वास्तविक' नंतर थांबलो की दुसरा अर्थ कळतो, पण छापील ओळीत तो थांबा ऐकू येत नाही. म्हणून पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात हा शब्द टाळावा असे म्हटले. 'वास्तविक किंमत', 'वास्तविक खर्च' असे हिशेबातले प्रयोग मात्र निर्धोक आहेत, कारण तेथे 'कागदावर दाखवलेली नव्हे, तर प्रत्यक्षातली' असा विरोध स्पष्ट असतो.

आणखी एक व्याकरणाचा तपशील. 'खरा' हे विशेषण विकारी आहे: खरा प्रसंग, खरी गोष्ट, खरे नाव, खऱ्या घटनेचा. 'वास्तव', 'वास्तववादी', 'सत्य' ही विशेषणे अविकारी आहेत, नाम कोणत्याही लिंगाचे असले तरी बदलत नाहीत. मात्र 'वास्तववादी' हे माणसांसाठी नाम म्हणून वापरले की त्याला सामान्यरूप होते: 'वास्तववाद्यांनी अद्भुताला दूर ठेवले'.

प्रश्न: मी मालिका आणि माहितीपटांची मराठी उपशीर्षके करते. सुरुवातीला येणाऱ्या पाटीसाठी 'सत्य घटनेवर आधारित' आणि 'सत्य घटनेवरून प्रेरित' असे दोन पर्याय रूढ आहेत. ते एकच समजावेत का? 'सत्यघटना' जोडून लिहावे की तोडून? (अनुवादक, बेंगळुरू)

उत्तर: एकच मुळीच समजू नयेत. 'आधारित' म्हणजे खाली आधार आहे: घटनेचा सांगाडा खरा आहे आणि वर केलेले बांधकाम त्याला सोडून गेलेले नाही. 'प्रेरित' म्हणजे घटनेने फक्त चालना दिली. पुढचे बहुतेक कल्पित असू शकते. प्रेक्षक या पाट्या एका दमात वाचतो आणि दोन्हींतून 'हे खरे आहे' एवढेच उचलतो. अनुवादकाने त्यात भर घालू नये, मूळ पाटीत जेवढी हमी दिली आहे तेवढीच द्यावी.

भाषेच्या बाजूने सांगायचे तर 'घटनेवरून प्रेरित' हा प्रयोग खटकतो. 'प्रेरित' ला तृतीया हवी, 'घटनेने प्रेरित'; आणि तसे लिहिले की वाक्य कृत्रिम वाटू लागते, कारण घटनेने प्रेरित होतो तो माणूस, मालिका नव्हे. आपल्याकडे यासाठी घरचा शब्द आहे: 'सुचणे'. 'एका खऱ्या घटनेवरून सुचलेली मालिका' असे म्हटले की अर्थही नेमका येतो आणि कल्पनेचा वाटा किती आहे, हेही आपोआप सांगितले जाते. तसेच 'आधारित' ऐवजी 'आधारलेली' हे रूप अधिक मराठी आहे. 'सत्यघटना' हा समास म्हणून जोडून लिहिता येतो. 'सत्य घटना' असे सुटे लिहिणेही चूक नाही. पाटीत मला 'खऱ्या घटनेवर आधारलेली' हे सर्वांत सरळ वाटते.

या पाटीचे महत्त्व कळावे म्हणून न्यायालयात गेलेले एक प्रकरण सांगते. रशियाच्या झारच्या दरबारात वजन असलेल्या रास्पुटीन या साधूच्या १९१६ साली झालेल्या खुनावर १९३२ साली एक अमेरिकन चित्रपट निघाला. यातली काही पात्रे अजून हयात आहेत, अशा आशयाची पाटी त्याच्या आरंभी होती. खुनात सामील असलेला फेलिक्स युसुपोव्ह आणि त्याची पत्नी, झारची भाची इरिना, हे दोघे तेव्हा परदेशात राहत होते. चित्रपटातल्या एका राजकन्येवर रास्पुटीनने अत्याचार केल्याचे सूचित केले होते. ती राजकन्या म्हणजे आपणच असे लोक समजतील, आणि असे काही कधी घडलेच नव्हते, म्हणून इरिनाने लंडनच्या न्यायालयात दावा लावला. १९३४ साली तो तिच्या बाजूने लागला आणि पंचवीस हजार पौंडांची भरपाई तिला मिळाली. 'सर्व पात्रे व घटना काल्पनिक असून कोणाशी साम्य आढळल्यास तो निव्वळ योगायोग समजावा' ही ओळ आपण मराठी चित्रपटांत आणि कादंबऱ्यांतही वाचतो. ती जगभर पसरली, त्यामागे या निकालाचा मोठा हात आहे. पात्रे खरी आहेत असे सांगितले की त्या पात्रांच्या जागी बसणाऱ्या जिवंत माणसांना त्याची किंमत मोजावी लागते, म्हणून पाटीतल्या एकेका शब्दाची एवढी काळजी करायची.

प्रश्न: 'आख्यायिका' हा शब्द संस्कृतात खऱ्या गोष्टीसाठी वापरत, असे वाचले. मराठीत तर आख्यायिका म्हणजे ऐकीव गोष्ट. हे कसे? (संस्कृतचा विद्यार्थी, नाशिक)

उत्तर: आपण वाचले ते बरोबर आहे, आणि या सदरात मांडता आले याचा आनंद वाटावा असा हा प्रश्न आहे. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात लागोपाठच्या ओळींत दोन व्याख्या येतात: 'आख्यायिकोपलब्धार्था' आणि 'प्रबन्धकल्पना कथा'. जिचा अर्थ, म्हणजे जिचा विषय, उपलब्ध आहे, आधीच ठाऊक असलेला आहे, ती आख्यायिका; आणि जी कल्पनेने रचलेली आहे, ती कथा. 'उपलब्धार्था' हे प्रत्यक्षातून आलेल्या गोष्टीसाठी संस्कृतने घडवलेले विशेषणच म्हणावे लागेल. ते युरोपातून आलेले नाही, आपल्याच कोशात पडून आहे.

याची ठरलेली उदाहरणे एकाच लेखकाची आहेत. सातव्या शतकातल्या बाणभट्टाचे 'हर्षचरित' ही आख्यायिका, कारण हर्ष हा राजा प्रत्यक्ष होता आणि बाण त्याच्या पदरी होता. त्याचीच 'कादंबरी' ही कथा, कारण तिच्यातले जन्मोजन्मीचे प्रेम कल्पित आहे. भामहासारख्या काव्यशास्त्रकारांनी या दोन प्रकारांतले भेद नोंदवले, तर दंडीने 'तत् कथाख्यायिकेत्येका जातिः संज्ञाद्वयाङ्किता', म्हणजे प्रकार एकच, नावे दोन, असे म्हणून तो वाद निकालात काढला. दंडीचे म्हणणे लेखनशैलीपुरते मला पटते. हर्षचरितातली वर्णनेही कादंबरीइतकीच अलंकारांनी ओथंबलेली आहेत. विषय खरा असला म्हणून रीत वास्तववादी होत नाही, हे पहिल्या उत्तरात म्हटले, त्याचा हा जुना दाखला आहे.

मराठीत येताना दोन्ही शब्दांचे दैव पालटले. बाणाच्या नायिकेचे नाव आपण एका संपूर्ण वाङ्मयप्रकाराला दिले आणि हरिभाऊंच्या 'आजकालच्या गोष्टी'देखील कादंबऱ्या झाल्या. आणि 'आख्यायिका' मात्र सांगोवांगीच्या गोष्टीला चिकटली: 'या विहिरीविषयी अशी आख्यायिका आहे की…' असे वाक्य ऐकले की आपण ते खरे धरत नाही. लोकांना 'ठाऊक असलेली' गोष्ट आणि 'खरी' गोष्ट यांतले अंतर काळाच्या ओघात वाढत गेले, एवढेच अर्थाच्या या बदलातून दिसते. घडलेल्यासाठी मराठीने मग इतर शब्द कामाला लावले. फारसीच्या वाटेने आलेली 'हकीकत' ऐतिहासिक कागदपत्रांत सर्वत्र आहे. 'बखर' हा शब्द 'खबर' मधली अक्षरे उलटून झाला, असे अनेक अभ्यासक मानतात. 'इतिहास' या शब्दाची तर फोडच 'इति ह आस', म्हणजे 'असे खरोखर झाले', अशी आहे.

प्रश्न: परीक्षेत मी 'बलुतं' ला 'वास्तववादी कादंबरी' म्हटले, म्हणून गुण कापले गेले. त्यातले सगळे वास्तवच आहे, मग चूक काय? (पदवीची विद्यार्थिनी, अमरावती)

उत्तर: चूक 'कादंबरी' या नामात आहे आणि तिने विशेषणालाही ओढून नेले आहे. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाले ते आत्मकथन म्हणून. त्याची मांडणी फसवू शकते हे खरे. दगडू मारुती पवार हा दया पवार यांना आपली कहाणी सांगतो, अशी ती मांडणी आहे. पण हे दोघे एकच आहेत. बालपण, गाव, महारवाडा, मुंबईतली कावाखान्यातली वस्ती हे सगळे एका माणसाने जगलेले आहे, त्याच्या नावासकट. 'वास्तववादी' म्हटले की लेखकाने बाहेरून निरीक्षण केले, तपशील निवडले, पात्र घडवले असा अर्थ येतो. दगडूने स्वतःला घडवलेले नाही. त्याच्या वाट्याला जे आले ते त्याने सांगितले. दलित आत्मकथनांविषयी लिहिताना समीक्षकांनी 'जगलेले', 'भोगलेले', 'अस्सल' ही साधी मराठी विशेषणे वापरली, ती यासाठीच. आपल्या उत्तरात 'वास्तवदर्शी आत्मकथन' असे लिहिले असते, तर कोणाची हरकत राहिली नसती. गुण गेले याचे वाईट वाटते. पुस्तक आपल्याला खरे वाटले, ते वाटणे मात्र बरोबरच होते.

प्रश्न: लहान मुले 'ही खरी गोष्ट आहे का?' असे विचारतात. लेखी मराठीत 'खरी गोष्ट' हा प्रयोग बालिश दिसतो का? (आजोबा, डोंबिवली)

उत्तर: अजिबात नाही. 'सत्य', 'वास्तव' हे शब्द जेथे जड होतात, तेथे 'खरी', 'खरीखुरी', 'घडलेली', 'डोळ्यांदेखत झालेली' ही विशेषणे निःसंकोच लिहावीत. एक सावधगिरी मात्र हवी: 'खरी गोष्ट अशी की…' या प्रयोगात 'गोष्ट' म्हणजे कथा नव्हे, बाब. आणि नातवंडाने तो प्रश्न विचारला की उत्तर एका शब्दात द्यायची घाई करू नये. 'गाव खरे, नदी खरी, पूर खरा. मगर मी घातली' असे वेगवेगळे करून सांगितले तर ते त्याला नीट समजते, आणि बहुतेक वेळा ते मगरीचीच गोष्ट पुन्हा सांगायला लावते.